पंडिता रमाबाई आणि दुःखाचा हिशेब

स्मरणिकेसाठी आवडत्या थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्यापुढे एकच नाव होतं, पंडिता रमाबाई. आपल्यापैकी बहुतेकांना त्या इतिहासाच्या पेपरातल्या ‘जोड्या लावा’मधून आठवत असतील. डावीकडे पंडिता रमाबाई, उजवीकडे शारदा सदन, एक गुण. तो गुण सगळ्यांनाच मिळायचा. त्या एका रेघेच्या मागे केवढं आयुष्य होतं, ते मात्र पुस्तकात मावणारं नव्हतं.

रमाबाईच का, तेही सांगते. मी ख्रिस्ती घरातली, हे वर्गात सर्वांना माहीत होतं. नाताळचा फराळाचा डबा मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत रिकामा व्हायचा, तोही माझ्या हाताला न लागता. पुढे चौतीस वर्षं मी नर्स म्हणून नोकरी केली. रात्रपाळीला कॉटच्या कडेला बसलेल्या नातेवाइकांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. आम्ही कुणाचं काय वाकडं केलं होतं, हे आमच्याच वाट्याला का? हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्यांचा प्रश्न हाच. गेल्या स्नेहमेळाव्यात आपल्यातल्याच एकीने, जिचा तरुण मुलगा कोविडमध्ये गेला, मला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्या धर्मात याला काही उत्तर आहे का. दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर नाही. पण ज्या बाईने हा प्रश्न आयुष्यभर अंगावर वागवला, तिची गोष्ट सांगता येईल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या गंगामूळ या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्तपावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. पेशव्यांच्या वाड्यात बाईमाणसाला संस्कृत शिकवलं जाताना त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. ते मनात धरून त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून गहजब झाला. शास्त्रीबुवांनी पंडितांच्या सभेपुढे जाऊन स्त्रीला शिकवण्यात शास्त्रविरोध नाही हे मांडलं, आणि मग रानात जाऊन आश्रम थाटला. पाहुणे, विद्यार्थी, यात्रेकरू यांच्या अन्नदानात घरची पुंजी संपली. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब घराबाहेर पडलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला गड्याच्या डोक्यावरून नेलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यानंतर देवळांतून पुराण सांगणं आणि मिळेल त्यावर गुजराण करणं, असं वर्षानुवर्षं चाललं. भटकंतीत आईने मुलीला पहाटे उठवून शिकवलं. पुस्तक कमी, पाठांतर जास्त. बारा वर्षांची होईतो भागवताचे हजारो श्लोक तिच्या तोंडी होते.

मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. दक्षिण हिंदुस्थानातला तो फार मोठा दुष्काळ होता. आपण १९७८ची बॅच, म्हणजे १९७२चा दुष्काळ पाचवीत असताना पाहिलेली मुलं. शाळेत मिळणारी सुकडी, घरी मिलोची लालसर भाकरी, आणि खडी फोडायला गेलेले आईबाप आपल्याला आठवतात. पण आपल्यासाठी सुकडी होती, दुष्काळी कामं होती. डोंगरे कुटुंबासाठी काहीच नव्हतं. भीक मागायची नाही आणि अंगमेहनतीचं काम ब्राह्मणाला शोभत नाही, अशा समजुतीत ते वाढलेले. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पूजाअर्चेत घातलेलं, देव प्रसन्न होऊन संकट टळेल या आशेने. भांडी विकली, दागिने विकले, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. वृद्ध आणि जवळजवळ अंध झालेले वडील आधी गेले. पाठोपाठ आई रायचूरला गेली. तिला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीने ठेंगणी. खांदा पुरेना, म्हणून आईच्या तिरडीची बाजू तिने डोक्यावर घेतली आणि तशी तीन मैल चालली. पुढे थोरली बहीणही गेली.

राहिले दोघे, भाऊ आणि बहीण. ते पायी निघाले ते थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. त्यांच्या हिशेबाने चार हजार मैलांवर चाल झाली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. या वाटेवर, सगळी व्रतंवैकल्यं आईबापांनी मनोभावे केली असतानाही हे असं का झालं, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला. उत्तर सापडलं नाही. जुनी श्रद्धा मात्र सैल झाली.

१८७८ साली ही जोडी कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब दिले. मुलगी कीर्तीच्या शिखरावर, आणि १८८० मध्ये डाक्क्याला भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामात सिल्चरला संसार मांडला. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला.

वय तेवीस. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. कडेवर दहा महिन्यांची पोर.

इथे मला थोडं थांबायचं आहे. त्या काळच्या समाजाकडे रमाबाईंच्या प्रश्नाला तयार उत्तर होतं. नवरा मेला तो बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापाने. म्हणजे तिच्यावर अन्याय झालाच नाही, तिला मिळालं ते तिच्या कर्माचंच फळ. मग केशवपन, एकवेळचं जेवण, अंधारी खोली हाही न्यायच झाला. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात हा हिशेब त्यांनी जगापुढे उघडा करून मांडला. कर्माच्या विचाराने कित्येकांना धीर मिळतो, हे मी वॉर्डात पाहिलं आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण स्वतःच्या दुःखाला स्वतः दिलेला अर्थ वेगळा आणि दुसऱ्याच्या दुःखावर आपण लावलेलं कलम वेगळं. रमाबाईंचं भांडण या दुसऱ्या गोष्टीशी होतं.

नवरा गेल्यावर त्या पुण्याला आल्या, १८८२ मध्ये. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करा असा आग्रह धरला. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथेही दैवाने पाठ सोडली नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी परक्या मुलखात स्वतःचा जीव घेतला. आणि बहिरेपण वाढत चालल्यामुळे रमाबाईंचं डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच संपलं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती सिल्चरलाच, नवऱ्याच्या पुस्तकांत आलं होतं. पण मन वळलं ते लंडनमध्ये फुलहॅम इथे. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी जोगिणींनी तिथे एक घर चालवलं होतं. या बायकांना कुणी शिक्षा करत नव्हतं, त्यांच्यावर थुंकत नव्हतं. उलट त्यांना मायेने सांभाळलं जात होतं. असं का, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवऱ्यांची म्हणून गावात नाव खराब झालेली बाई, आणि तिच्याकडे आपण होऊन पाणी मागणारा, तिच्याशी धर्मावर बोलणारा ख्रिस्त. रमाबाईंना हवं होतं ते इथे होतं. माणसाची आधी फाइल तपासायची नाही.

त्याच शुभवर्तमानात पुढे जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं. ख्रिस्त दोन्ही उत्तरं नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. ख्रिस्ती विचारातला मला उमगलेला गाभा हाच. दुःख हा निकाल नाही. समोरच्या माणसाचं दुःख पाहून त्याचा गुन्हा शोधायला जायचं नाही. ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागी जो क्रूस आहे, तोच मुळी एका निरपराध माणसाला झालेल्या शिक्षेचा. मग जो सोसतो तो दोषीच असणार, असं ख्रिस्ती माणसाला कुठल्या तोंडाने म्हणता येईल? तरी आमच्यातही असे लोक भेटतात, जे आजाऱ्याला तुझा विश्वास कमी पडला असं सांगतात. रमाबाई अशांच्याही पंगतीला बसल्या नसत्या.

धर्म बदलला म्हणून त्यांनी मान झुकवली नाही. इंग्लंडमध्ये त्या शाकाहारीच राहिल्या. पटल्याशिवाय कुठलाही सिद्धांत मान्य करणार नाही, म्हणून त्यांनी धर्मगुरूंशी आणि आपल्या गुरुभगिनीशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. मठातल्या वडीलधाऱ्यांना त्या हट्टी वाटत आणि पुण्यातल्या मंडळींना फितूर. एकाच वेळी दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्या बाईला न्याय कशाशी खातात, ते चांगलंच कळलं असेल.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, आणि तिथे गावोगाव व्याख्यानं देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे, म्हणजे सगळ्यांची बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाचा एक धागा असा शारदा सदनाला जोडलेला आहे.

१८९३ मध्ये वादळ उठलं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी बाहेर पडली. पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. त्या पालकांचीही बाजू होती. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर त्यांनी लेकी सोपवल्या होत्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तरी एक खरं, की परत गेलेल्या मुलींचं शिक्षण त्यांच्यापुरतं तिथेच तुटलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचून रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला आणि त्या तडक तिकडे गेल्या. अनाथ, उपासमारीने हाडं निघालेल्या, अंगभर फोडं झालेल्या, वाईट माणसांच्या हाती पडू घातलेल्या सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायला सरकारची मनाई. मग केडगावची शंभर एकर जमीन कामी आली. हे नगरचं केडगाव नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचं, दौंड तालुक्यातलं. सुरुवातीला तंबू, मग पक्की घरं, विहिरी, मळा. हेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आणल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणलेल्या सगळ्याच जगल्या नाहीत. जगल्या त्यांना शिकवलं. हातमाग, गोठा, शेती, स्वयंपाक, छापखाना. खिळे जुळवायला बायका, छापायला बायका, बांधणीला बायका. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन उघडलं, फुलहॅमला पाहिलं होतं तसं. अंध मुलींसाठी मनोरमा ब्रेल शिकून आली. पाप कुणाचं, हे न विचारता त्या मुलींच्या बोटांखाली अक्षरं आली.

याच काळात पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी आबाळ होत होती, ती रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. राज्यकर्ते आपल्या धर्माचे, म्हणून त्यांनी पांघरूण घातलं नाही. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. काही दुःखं कुठून येतात ते कुणालाच सांगता येत नाही. पण पुष्कळशी माणसंच माणसांना देतात. विधवेचं केस कापणं देवाने केलं नव्हतं. दुष्काळातल्या मुलींचा बाजार देवाने मांडला नव्हता. देव असा का वागला, याचा काथ्याकूट रमाबाईंनी फारसा केला नाही. माणसं असं का वागतात, हे मात्र त्यांनी तोंडावर विचारलं, मग समोर शास्त्री असो, बिशप असो की सरकार.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. खेड्यातल्या, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम सुमारे अठरा वर्षं चाललं. त्या कामात ईयोबाचं पुस्तकही आलं. ईयोब म्हणजे सज्जन असूनही मुलंबाळं, धन, आरोग्य, सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र येऊन त्याला पटवतात की तू काहीतरी पाप केलंच असशील. ईयोब मान्य करत नाही, देवाशीच भांडतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. का, या प्रश्नाचं उत्तर ईयोबाला अखेरपर्यंत मिळत नाही. रायचूरच्या वाटेवर आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या बाईने ही गोष्ट शब्दाशब्दाने मराठीत आणली.

आणि एवढं सगळं केल्यावर तरी पदरात सुख पडावं की नाही? २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला वारली. वय चाळीस. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर, शारदा सदनाची धुरा वाहणारी, आईचा उजवा हात. आईच्या मागे तीच सगळं सांभाळणार, असं सर्वांनी धरलेलं. त्रेसष्ट वर्षांच्या, कानाने अधू, प्रकृतीने खचलेल्या रमाबाईंवर हा शेवटचा घाव. आपण कुणीही म्हटलं असतं, की देवासाठी एवढं केलं, निदान लेक तरी ठेवायची होती. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

ज्या मैत्रिणीने मला तो प्रश्न विचारला, तिच्यासाठी एवढंच लिहिते. श्रद्धा ठेवली की संकट येत नाही, असं रमाबाईंचं आयुष्य सांगत नाही. संकट आलं म्हणजे आपण कुठेतरी चुकलो, असंही नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. दुसरं कुणी काही समजावायला आलं, तर ईयोबाचे मित्र आले असं समज आणि चहा देऊन वाटेला लाव. रमाबाईंना दुष्काळाने उत्तर दिलं नाही, पण दुष्काळातली पोरगी लांबून ओळखण्याची नजर दिली. तुझ्याकडेही तशी नजर आली आहे. आपल्या गावात कोविडने पोरकी झालेली चार मुलं तू दर रविवारी जेवायला बोलावतेस, हे मला तुझ्याकडून नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडली की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पुढच्या सहलीसाठी महाबळेश्वर आणि अष्टविनायक यांवर मतदान चाललं आहे, त्यात माझं मत केडगावला. बाई आणि सर, आपण आलात तर आम्हांला फार बरं वाटेल. डबे आम्ही आणू.